सवय न होणाऱ्या गोष्टी

सलग सहा वर्षे मी रोज रात्री झोपण्यापूर्वी एका वहीत एक आकडा लिहीत असे. सरलेल्या दिवसाला शून्य ते दहा यांपैकी एक गुण, आणि तो गुण का दिला हे सांगणारी एक ओळ, एवढीच ती नोंद असे. त्यामागे मोठी योजना नव्हती. आईच्या आजारपणात दिवस एकमेकांत इतके मिसळून जाऊ लागले होते, की प्रत्येकाला निदान वेगळे ओळखता यावे म्हणून मी हे लिहायला घेतले, आणि आई गेल्यावरही ते चालू राहिले. गेल्या वर्षी त्या सगळ्या वह्या एकापाठोपाठ एक वाचायला बसले, तेव्हा माणसाचे सुख कशावर अवलंबून असते याविषयी मी मनाशी धरून ठेवलेल्या बऱ्याच समजुती मला बाजूला ठेवाव्या लागल्या.

मोठ्या घटना वहीत डोंगरासारख्या उठून दिसतील आणि आजूबाजूचे दिवस त्यांच्या सावलीत असतील, अशी माझी अपेक्षा होती. तसे काही दिसले नाही. ज्या घरासाठी आम्ही अकरा वर्षे पैसे साठवले, त्या घरात राहायला गेलो त्या दिवसाला नऊ गुण आहेत. पुढच्या आठवड्यात आठ, आठ, सात असे आकडे आहेत, आणि दोन महिन्यांनंतर घराचा उल्लेखच थांबतो. त्यानंतर घर वहीत येते ते छत गळू लागले किंवा वरच्या मजल्यावर ठोकाठोक सुरू झाली तेव्हाच. घर चांगलेच होते, आजही आहे, आणि मी त्याविषयी कृतज्ञही आहे. पण कृतज्ञता ही आठवून बाळगावी लागते, ती आपोआप जाणवत नाही, हे मला त्या पानांवर पहिल्यांदा स्पष्ट दिसले.

मराठीत सुख, आनंद आणि समाधान असे तीन शब्द आहेत, आणि बोलताना आपण त्यांची अदलाबदल सहसा करत नाही. खेळणाऱ्या मुलाला आनंद होतो, माणूस सुखात राहतो, आणि हातून नीट झालेल्या कामाचे समाधान वाटते. संशोधकांनाही हा भेद करावाच लागला. हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेला प्रश्न आजही जगभर विचारला जातो: शून्य ते दहा पायऱ्यांची एक शिडी कल्पा, सर्वांत वरच्या पायरीवर तुमच्या दृष्टीने शक्य असलेले सर्वोत्तम आयुष्य आहे आणि तळाशी सर्वांत वाईट, तर आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? २०१२ पासून निघणारा जागतिक आनंद अहवाल देशांची क्रमवारी याच उत्तरांवरून लावतो. नावात आनंद असला तरी हा प्रश्न खरे तर समाधानाचा आहे. काल तुम्ही हसलात का, काल मनात काळजी होती का, हे प्रश्न निराळे आहेत, आणि एकच माणूस पहिल्या प्रश्नाला आठ आणि दुसऱ्याला चार गुणांचे उत्तर अगदी प्रामाणिकपणे देऊ शकतो. माझी वही दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाची होती. तिने मला माझे आयुष्य कसे आहे हे कधी विचारले नाही. ती फक्त आज काय झाले एवढेच विचारत राहिली.

सवयीचा हा नियम मानसशास्त्रात जुना आहे. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये त्याला चालत्या पट्ट्याची उपमा दिली: माणूस चालत राहतो, पण पट्टाही तितक्याच वेगाने मागे सरकत असल्याने तो जागच्या जागीच राहतो. १९७८ मध्ये ब्रिकमन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर केलेला एक छोटा अभ्यास तेव्हापासून फार वेळा सांगितला जातो. त्यात लॉटरी लागलेली २२ माणसे, अपघातात शरीराचा मोठा भाग लुळा पडलेली २९ माणसे, आणि तुलनेसाठी घेतलेली २२ सर्वसाधारण माणसे होती. लॉटरी लागलेले आणि अपंगत्व आलेले काही काळाने सारखेच सुखी होतात, अशा शब्दांत हा अभ्यास ठिकठिकाणी उद्धृत होतो, आणि ते मला मनापासून खटकते, कारण त्यातले आकडे तसे सांगत नाहीत. शून्य ते पाच या मोजपट्टीवर लॉटरीवाल्यांचे सध्याचे सुख ४.०० होते, सर्वसाधारण माणसांचे ३.८२, आणि अपघातग्रस्तांचे २.९६. म्हणजे लॉटरीने फारसे काही वाढले नाही हे खरे, पण अपघाताने बरेच काही गेले, हेही तितकेच खरे. माणसाला कशाचीही सवय होते, असे दुसऱ्याच्या दुःखाविषयी म्हणणे फार सोपे असते. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते आणि ती क्वचितच सांगितली जाते. मित्राशी गप्पा मारणे, एखादा विनोद ऐकणे, मासिक वाचणे अशा रोजच्या साध्या गोष्टींतून किती आनंद मिळतो असे विचारले, तेव्हा लॉटरी लागलेल्यांचे उत्तर तिन्ही गटांत सर्वांत कमी होते. मोठ्या सुखाने लहान सुखांचा रंग फिका केला होता.

तेव्हा माणसाला सवय होते का, या प्रश्नाचे एक उत्तर नाही. कशाची होते आणि कशाची होत नाही, हे विचारायला हवे, आणि माझ्या मते सुखाविषयीचा सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे. एका नव्या महामार्गालगत राहणाऱ्या लोकांना रस्ता सुरू झाल्यावर काही महिन्यांनी आणि मग पुन्हा वर्षभराने वाहनांच्या आवाजाविषयी विचारण्यात आले, तेव्हा त्यांचा त्रास कमी झालेला नव्हता. उलट आपल्याला याची कधी सवय होईल ही त्यांची आशाच कमी झाली होती. डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला पूर्ण दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवून लिहायला सांगितला, आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत कामावर जाण्याचा प्रवास सर्वांत नकोशा वेळांपैकी एक ठरला, जरी तो प्रवास त्यांच्या रोजचाच होता. घर मोठे असले तर त्याचे मोठेपण रोज तेच असते, म्हणून ते नजरेआड होते. गर्दी, खोळंबा, कर्णकर्कश आवाज ही रोज नव्या ठिकाणी, नव्या वेळी बोचतात, म्हणून त्यांची सवय होत नाही. हवामानाचेही काहीसे घरासारखेच असावे. १९९८ च्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातले आणि अमेरिकेच्या थंड मध्यभागातले विद्यार्थी आपापल्या आयुष्याविषयी सारखेच समाधानी निघाले, पण कॅलिफोर्नियातले लोक अधिक सुखी असतील असे दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना वाटत होते. दुरून पाहणाऱ्याला ऊन दिसते; तिथे राहणाऱ्याला परीक्षा, भांडणे आणि मैत्री दिसते.

जर्मनीत १९८४ पासून हजारो कुटुंबांतल्या त्याच त्या माणसांना दरवर्षी त्यांच्या समाधानाविषयी विचारले जाते. रिचर्ड लुकास आणि इतरांनी ही उत्तरे तपासली तेव्हा काळाची एक रेषाच समोर आली. लग्नाच्या सुमारास समाधान वाढते आणि सरासरीने पाहिले तर दोनेक वर्षांत पूर्वीच्या पातळीला येते. जोडीदाराच्या मृत्यूनंतर ते खोल जाते आणि पूर्वपदाच्या जवळ यायला सात-आठ वर्षे लागतात. हा आकडा वाचला तेव्हा मी माझ्या वडिलांचा विचार करत बराच वेळ बसून राहिले, कारण आई गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी आम्ही त्यांना आता सावरायला हवे असे सांगू लागलो होतो. बेरोजगारीविषयीचा निष्कर्ष मात्र मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटला. ज्यांची नोकरी गेली आणि पुढे ज्यांना पुन्हा नोकरी मिळाली, त्यांचे समाधानही सरासरीने पूर्णपणे पूर्वीच्या जागी परतले नाही.

हे का व्हावे, याचे मला पटलेले उत्तर फार जुन्या एका अभ्यासात आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नापासून जवळ मारिएनटाल नावाचे एक छोटे गाव होते आणि ते जवळजवळ संपूर्णपणे एका कापड कारखान्यावर जगत होते. १९२९-३० च्या सुमारास तो कारखाना बंद पडला आणि गावातली बहुतेक कुटुंबे बेकारभत्त्यावर आली. १९३१-३२ मध्ये मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइजेल हे तरुण संशोधक सहकाऱ्यांसह तिथे पोहोचले, आणि त्यांनी प्रश्नावलीवर समाधान न मानता गाव अक्षरशः मोजले. कोणाच्या घरी काय शिजते, मुले काय मागतात, वाचनालयातून किती पुस्तके जातात, हे सगळे त्यांनी टिपले. मुख्य रस्त्याकडे पाहत, घड्याळ हातात धरून, कोण किती वेगाने चालतो हेही त्यांनी नोंदवले.

त्यांना जे दिसले ते कोणीही अपेक्षिले नव्हते. लोकांकडे आता भरपूर वेळ होता, वाचनालयाची वर्गणीही माफ करण्यात आली होती, तरी १९२९ ते १९३१ या काळात घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. गावातली बाग, जी कारखाना चालू असताना दमून आलेले कामगारही नीट राखत असत, ती आता रान माजून पडली, आणि तिच्याकडे बघायला वेळ असलेले शेकडो हात गावात रिकामे होते. पुरुष रस्त्यातून हळू चालत आणि पुन्हा पुन्हा थांबत. स्त्रियांना घरची कामे होतीच, म्हणून त्या त्यांच्यापेक्षा वेगाने चालत. संशोधकांनी लोकांना दिवसाचा तक्ता भरायला दिला होता. त्यात एका माणसाने उठण्याची वेळ लिहिली, मुलांना शाळेसाठी उठवल्याचे लिहिले, आणि दुपारच्या आधीच्या तासासमोर फक्त एवढेच लिहिले, की तोवर दुपार होते.

तोवर दुपार होते. ही ओळ वाचली आणि मला माझ्या तिसऱ्या वहीतली पाने आठवली. मी जिथे काम करत होते तो विभागच बंद झाला आणि सात महिने मी घरी होते. पैशांची मोठी अडचण नव्हती, घरात जेवायला दोन वेळचे होते, झोप भरपूर होती, आणि तरीही त्या सात महिन्यांतले गुण तीन आणि चार यांच्या मागेपुढे रेंगाळतात. नोंदीही आक्रसत जातात. सुरुवातीला पूर्ण वाक्ये आहेत, मग अर्धी, मग नुसते ‘बाहेर पडले नाही’, आणि काही दिवस फक्त आकडा. आळस म्हणावा तर तसे नव्हते. मी रोज लवकर उठत होते. मारी याहोडा यांनी पुढे अनेक वर्षांनी असे मांडले, की नोकरीतून पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी माणसाला नकळत मिळतात: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांच्या मिळून चाललेल्या कामात वाटा, समाजात ओळख, आणि नियमित हालचाल. मी हे वाचताना प्रत्येक शब्दाशी थांबत होते, कारण सात महिने माझे नेमके काय हरवले होते ते मला त्या काळात कोणालाही सांगता आले नव्हते, स्वतःलासुद्धा.

त्या काळात एकाच दिवसाला आठ गुण आहेत, आणि वाचताना ते मला आधी चुकून लिहिलेले वाटले. समोरची ओळ अशी आहे: ‘शेजारच्या काकूंना विम्याचे कागद वाचून समजावले. दोन तास लागले.’ त्या दिवशी माझ्याकडे नवे काहीच आले नव्हते. नोकरी नव्हती, पैसा नव्हता, आनंदाची बातमी नव्हती. फक्त कोणाला तरी माझी गरज लागली होती, आणि ती गरज दोन तासांत मी पूर्ण करू शकले होते.

पैशाविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुढे नेता येत नाही, आणि पैशाने सुख मिळत नाही हे वाक्य मी आता उच्चारतही नाही, कारण ते खोटे आहे. उत्पन्न वाढते तसे लोकांचे रोजचे सुखही सरासरीने वाढते, असे मॅथ्यू किलिंग्जवर्थ, काहनेमान आणि बार्बरा मेलर्स यांनी २०२३ मध्ये एकत्र बसून, आधीचे आपसांतले मतभेद तपासून दाखवले. फक्त ज्यांचे दुःख पैशाने न सुटणारे आहे, अशा सर्वांत दुःखी गटात ही वाढ एका टप्प्यानंतर थांबते. शिवाय ही वाढ रुपयामागे रुपया अशी नसते, ती पटीत असते: थोडे कमावणाऱ्याचे उत्पन्न दुप्पट झाल्याने त्याला जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक भरपूर कमावणाऱ्याला पडायला त्याचेही उत्पन्न दुप्पट व्हावे लागते. म्हणून एकच रक्कम तळाशी असलेल्या माणसाचे आयुष्य बदलते आणि वरच्या माणसाला जाणवतही नाही. त्यातच तुलनेची भर पडते. सारा सॉल्निक आणि डेव्हिड हेमेनवे यांनी १९९८ मध्ये लोकांना विचारले, की आजूबाजूच्यांपेक्षा दुप्पट पण एकूण कमी कमाई हवी, की एकूण अधिक पण इतरांच्या निम्मी? सुमारे निम्म्या लोकांनी एकूण कमी असलेली कमाई निवडली. हाच प्रश्न सुट्टीच्या दिवसांविषयी विचारला तेव्हा बहुतेकांनी, इतरांना कितीही मिळो, आपल्याला अधिक दिवस मिळावेत असे सांगितले. आपण कशाकशाची तुलना करतो आणि कशाची करत नाही, यावर मी या एका अभ्यासानंतर पुष्कळ विचार केला आहे.

मात्र सवयीच्या या सगळ्या विवेचनाचा एक वापर मला मान्य नाही. माणूस परिस्थितीशी जुळवून घेतो, तेव्हा गरिबांनाही सवय झालेली असते, त्यांचे चेहरे पाहा किती हसरे आहेत, असे म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. अमर्त्य सेन यांनी या युक्तिवादातला दोष फार स्पष्टपणे दाखवला आहे: ज्याला कधीच काही मिळाले नाही तो आपल्या इच्छाच लहान करून घेतो, कारण रोज अशक्य गोष्टींची आस धरून जगता येत नाही, आणि मग त्याच्या समाधानावरून त्याची स्थिती ठरवणे म्हणजे त्याच्यावरच्या अन्यायाला त्याचीच साक्ष काढणे होय. ज्याच्या घरी पोटभर अन्न नाही, औषध नाही, त्याला समाधानी राहण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. समाधानाची शिकवण स्वतःला द्यावी. दुसऱ्याला द्यायची ती मदत.

स्वभावाचाही वाटा मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझा भाऊ आणि मी एकाच घरात वाढलो, आणि तरी एकाच बातमीने तो गाणे गुणगुणू लागतो तेव्हा मी तिच्यातली अडचण शोधू लागते. डेव्हिड लिकेन आणि ऑके टेलेगन यांनी जुळ्यांच्या अभ्यासावरून १९९६ मध्ये दाखवले, की माणसामाणसांतल्या सुखाच्या टिकाऊ फरकामागे आनुवंशिकतेचा बराच भाग असतो. अधिक सुखी होण्याचा प्रयत्न हा अधिक उंच होण्याच्या प्रयत्नासारखा व्यर्थ असेल, असेही त्यांनी तेव्हा लिहिले होते, आणि लिकेन यांनी पुढे ते विधान मागे घेतले. मला त्या माघारीने धीर दिला. माझ्या वहीतली सरासरी भावाच्या काल्पनिक वहीपेक्षा कायम एखाद्या गुणाने कमीच राहिली असती, पण माझेच दिवस एकमेकांपासून किती वेगळे होते हे त्याच वहीत दिसत होते, आणि तो फरक जन्माने ठरलेला नव्हता.

तो फरक कशाने पडत होता हे शोधण्यासाठी मी शेवटी एक साधे काम केले. सात किंवा त्याहून अधिक गुण असलेल्या सगळ्या दिवसांच्या ओळी पेन्सिलने खुणावल्या आणि त्यांत काय काय आहे ते मोजले. खरेदी फार थोडी होती. कौतुक होते, पण वाटले होते त्यापेक्षा कमी. प्रवास होते. आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत कोणाचे तरी नाव होते. कमी गुणांच्या ओळींतही नावे होती, भांडणे माणसांशीच होतात. पण अगदी तळच्या दिवसांत, दोन आणि तीन गुणांच्या, नाव बहुधा नव्हतेच. हार्वर्डमध्ये १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांपासून सुरू झालेला आणि पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांच्या अभ्यासाशी जोडला गेलेला दीर्घ अभ्यास याच दिशेला बोट दाखवतो: पन्नाशीत जे आपल्या नात्यांविषयी समाधानी होते, ते ऐंशीच्या घरात अधिक निरोगी निघाले, आणि याचा अंदाज त्यांच्या कोलेस्टेरॉलपेक्षा त्यांच्या नात्यांवरून अधिक नीट बांधता आला. नाते म्हणजे केवळ जवळचे नातेच असेही नाही. निकोलस एपली आणि जुलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या रेल्वे प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले, तेव्हा गप्प बसून गेलेल्यांपेक्षा बोलत गेलेल्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला, जरी आधी विचारल्यावर प्रवाशांचा अंदाज अगदी उलटा होता. माणसाची सवय होत नाही ती बहुधा यामुळे, की तो उद्या काय बोलेल हे आपल्याला आज माहीत नसते.

पेन्सिलच्या खुणा करत मी पहिल्या वहीपर्यंत मागे गेले, आणि तिथे मला सर्वांत मोठा धक्का बसला. आईच्या आजारपणाचे ते वर्ष माझ्या आठवणीत काळेकुट्ट आहे. वहीत मात्र त्या वर्षाची सरासरी त्यानंतरच्या शांत, निर्वेध वर्षापेक्षा अधिक आहे. मी दोनदा बेरीज करून पाहिली. मग ओळी वाचल्या. ‘आज आईने चार घास खाल्ले, भाऊ रात्रीची गाडी पकडून आला.’ ‘बाबांनी आईचे केस विंचरले, मी दारात उभी राहून पाहिले.’ ‘मावशी राहायला आली, आम्ही तिघी पहाटेपर्यंत जाग्या.’ भीती रोज होती, आणि तीही लिहिलेली आहे. पण त्या वर्षात घरातला प्रत्येक माणूस रोज कोणासाठी तरी काहीतरी करत होता, आणि कोणीही एकटे जेवत नव्हते.

आई गेली त्या रात्रीची नोंद मी सर्वांत शेवटी वाचली. आकड्याची जागा तिथे कोरी आहे. पुढे माझ्याच अक्षरात, जरा वाकड्या ओळीत लिहिले आहे, ‘सगळे जण होते.’